गोलकीपरच्या डोक्यावर टोपी, पटका की गार्ड?

मिरजेहून एका वडिलांनी विचारलंय. मुलगा आठवीत, शाळेच्या संघाचा गोलकीपर. मागच्या महिन्यात बॉलवर झेपावताना समोरच्या पोराचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला, तेव्हापासून आईनं धसका घेतलाय. पुढच्या सामन्याला तो उन्हासाठी टोपी घालून गेला, तर रेफरीनं ती काढायला लावली. त्याच संघात बॅकला खेळणाऱ्या शीख मुलाच्या पटक्याला मात्र कुणी काही म्हटलं नाही. ‘हा भेदभाव कशासाठी? आणि आता आम्ही डोक्याला ते चेल्सीच्या गोलकीपर पेत्र चेकसारखं गार्ड घ्यायचं म्हणतोय, तेही काढायला लावतील का? घ्यायचं तर कोणतं घ्यावं?’

उत्तराला हात घालण्याआधी एक विचारतो. त्या गुडघ्यानंतर मुलाला डॉक्टरांना दाखवलंत का? पत्रात तसा उल्लेख नाही, आणि पुढच्याच सामन्यात तो खेळला असं दिसतंय. दाखवलं नसेल तर आधी ते करा. डोकं दुखतंय का, अभ्यासाला बसल्यावर लक्ष लागतंय का, झोप बिघडलीय का, उजेडाचा त्रास होतोय का, हे त्याला सरळ विचारा. पोरं ‘काय नाही’ म्हणतात, कारण खरं सांगितलं तर संघातली जागा जाईल ही भीती असते. तेव्हा एकदा विचारून सोडू नका.

मी कोल्हापूरचा. तालमीच्या संघातून बारा वर्षं गोलात उभा राहिलो, गुडघ्यानं साथ सोडल्यावर शिट्टी हातात घेतली, आणि हल्ली सकाळी पोरांना गोलकीपिंग शिकवतो. म्हणजे टोपी घातलेलीही आहे आणि दुसऱ्याची काढायलाही लावलेली आहे.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न गुंतलेत. एक, नियमात काय बसतं. दुसरा, मुलाचं डोकं कशानं वाचेल. नियमात बसणारी वस्तू डोकं वाचवेलच असं नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळे घेतो.

फुटबॉलचे कायदे एकूण 17. त्यातला चौथा खेळाडूच्या अंगावरच्या साहित्याचा. त्याचा गाभा एका वाक्याचा आहे: जे घालणाऱ्याला किंवा दुसऱ्याला धोक्याचं आहे ते मैदानात चालणार नाही. दागिने तर सगळेच बाद. साखळी, अंगठी, कानातलं, रबरबँड, चामड्याचा पट्टा, सगळं उतरवायचं. वरून चिकटपट्टी लावून झाकलं तरी चालत नाही. (‘सर, निघतच नाही हो’ हे वाक्य मी दर रविवारी ऐकतो. साबणाच्या पाण्यानं निघतं.) जिल्हा संघटना किंवा शाळांच्या स्पर्धांना मैदानाचा आकार, बॉलचा आकार, खेळाची वेळ, बदली खेळाडू अशा गोष्टींत लहान मुलांसाठी फेरफार करायची मुभा असते. सुरक्षेचा हा नियम मात्र आठवीच्या पोराला आणि वर्ल्डकपच्या खेळाडूला सारखाच लागू आहे.

डोक्यावरच्या वस्तूंचे कायद्यानं तीन प्रकार धरलेत, आणि आपण तिन्हींना टोपीच म्हणतो. सगळा घोटाळा तिथं होतो. पहिली, गोलकीपरची टोपी. दुसरं, डोकं झाकायचं कापड, म्हणजे पटका, हिजाब वगैरे. तिसरं, मऊ, हलक्या, गादीच्या साहित्याचं संरक्षक गार्ड. तिन्हींना परवानगी आहे, पण अटी वेगळ्या आहेत.

टोपीपासून सुरू करतो. कायद्यात गोलकीपरच्या टोपीला स्पष्ट मुभा आहे, आणि ती जुनी प्रथा आहे. सोव्हिएत संघाचा लेव्ह याशिन कापडी टोपी घालून गोलात उभा असायचा, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. कारण साधं आहे. बाकीचे दहा जण उन्हाकडं पाठ फिरवू शकतात, कीपर फिरवू शकत नाही. आपल्याकडं चारला सामना लागतो, दुसऱ्या हाफला सूर्य खाली आलेला असतो, आणि तुमचा गोल पूर्वेला असेल तर समोरून उंच आलेला बॉल सूर्यातूनच खाली उतरतो. डोळ्यांवर हात धरून क्रॉस, म्हणजे कडेनं गोलासमोर मारलेला उंच बॉल, झेलता येत नाही.

मग तुमच्या मुलाची टोपी का काढायला लावली? मी ती पाहिलेली नाही, त्यामुळे त्या रेफरीच्या वतीनं बोलत नाही. पण मी ज्या टोप्या काढायला लावतो त्या बहुतेक अशा असतात: पुढची चोच कडक, आत प्लास्टिकची पट्टी, मागं आवळायला धातूचं बक्कल, डोक्यावर मधोमध ते कापडात गुंडाळलेलं धातूचं बटण. दुकानात मिळणारी क्रिकेटची नाहीतर फिरायची टोपी साधारण अशीच असते. चोच किती कडक चालते याचं माप कायद्यात दिलेलं नाही. ‘धोक्याचं नको’ एवढंच लिहिलंय, पुढचं रेफरीनं ठरवायचं. म्हणून एका रेफरीनं चालवलेली टोपी दुसरा काढायला लावतो, आणि दोघंही आपल्या जागी बरोबर असू शकतात.

मी कसं ठरवतो ते सांगतो. सामन्याआधी दोन्ही संघ ओळीनं उभे करून तपासणी असते: बुटाचे स्टड, शिनगार्ड, हात, कान, गळा. कीपरसमोर आलो की टोपी मागून घेतो. चोचीच्या कडेवर अंगठा ठेवतो आणि दुमडतो. कापडासारखी वळली तर ठीक. ताठ राहिली, किंवा वळून पत्त्यासारखी टकदिशी परत आली, तर नाही. मग मागची बाजू बोटांनी चाचपतो. वेल्क्रो किंवा इलॅस्टिक असेल तर चालतं, बक्कल असेल तर नाही. वरचं बटण दाबून बघतो. सगळं मिळून दहा सेकंद लागत नाहीत.

ही सवय मला उगाच लागलेली नाही. शिट्टी घेऊन दुसरंच वर्ष होतं. कीपर कॉर्नरला वर गेला, फॉरवर्डही गेला, दोघांचीही नजर बॉलवर. खाली आले तेव्हा फॉरवर्डच्या भुवईवर दोन बोटांची चीर, आणि रक्त डोळ्यात उतरलेलं. कुणीच कुणाला मारलं नव्हतं. चोच लागली होती. सुरुवातीच्या तपासणीत ती टोपी माझ्या हातून गेली होती, मी फक्त स्टड पाहिले होते. टोपीचा विचार करताना आपण घालणाऱ्याचाच करतो, आणि लागतं ते बहुतेक वेळा समोरच्याला.

म्हणून टोपी घ्यायची तर सायकलवाले हेल्मेटच्या आत घालतात तसली मऊ, कापडी, छोट्या चोचीची घ्या. किंवा आहे त्या टोपीच्या चोचीतली प्लास्टिकची पट्टी शिवण उसवून काढून टाका आणि बक्कलाच्या जागी इलॅस्टिक लावून घ्या. शिंप्याचं दहा मिनिटांचं काम आहे. टोपी उलटी घातली तर चालेल का, असं पोरं विचारतात. बक्कल कपाळावर येतं, ते आणखी वाईट.

एक चूक आम्हा रेफरींच्या पदरात टाकतो. काढायला लावताना का ते सांगायला हवं. ‘काढ ती’ एवढंच म्हणून पुढं सरकलं की पोराला वाटतं टोपीच बंद आहे, आणि घरी जाऊन तो तसंच सांगतो. तुमच्याकडं बहुधा हेच झालंय.

आता पटक्याचं. त्याला परवानगी आहे आणि ती कुणाच्या मेहेरबानीनं नाही, कायद्यात लिहून दिलेली आहे. पण ती मिळाली ती भांडून. 2007 पासून डोक्यावरच्या कापडाला मनाई होती आणि कारण सांगितलं जायचं सुरक्षेचं, गळ्याभोवती आवळलं तर काय होईल, असं. त्यापायी जून 2011 मध्ये जॉर्डनमधल्या अम्मानला इराणच्या महिला संघाला ऑलिंपिक पात्रतेचा सामना सोडावा लागला. 2012 मध्ये हिजाबला प्रायोगिक परवानगी मिळाली. कॅनडात क्वेबेक प्रांताच्या संघटनेनं पटका आणि पगडीवर बंदी धरून ठेवली होती. जून 2013 मध्ये राष्ट्रीय संघटनेनं तिलाच निलंबित केलं, फिफानं खुलासा केला, आणि मग बंदी उठली. मार्च 2014 पासून स्त्री-पुरुष दोघांसाठी डोकं झाकायला कायद्यानंच मुभा दिली. 2023 च्या महिला वर्ल्डकपमध्ये मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून खेळली, वर्ल्डकपमध्ये असं खेळणारी ती पहिली. आपल्याकडं मुंब्र्याच्या मुली हिजाबात फुटबॉल खेळतात, नांदेडला पटका बांधलेली पोरं खेळतात. नव्या रेफरीनं गोंधळ घालू नये म्हणून हे सविस्तर सांगितलं.

अटी मात्र आहेत. कापड काळं किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचं हवं, आणि एका संघात असे अनेक जण असतील तर सगळ्यांचा रंग एक हवा. ते जर्सीला जोडलेलं नको. गळ्याशी उघडझाप करणारं, आवळलं जाईल असं काही नको. बाहेर आलेलं टोक, गाठ, पिन नको. दिसायला नीटनेटकं हवं. तुमच्या संघातल्या मुलाचा पटका या अटींत बसत असणार, म्हणून त्याला कुणी काही म्हटलं नाही. हातातल्या कड्याचा प्रश्न वेगळा, ते दागिन्यांच्या नियमाखाली येतं. आणि पुढंमागं तो मुलगा गोलात उभा राहिला तर काळाच पटका बांधायला सांगा. कीपरची जर्सी वेगळ्या रंगाची असते, त्यामुळं जर्सीच्या रंगाचा पटका म्हटलं की कुठल्या जर्सीच्या यावरून वाद सुरू होतो. काळ्यावर कुणी बोट ठेवत नाही.

गंमत अशी की रंगाच्या आणि बाहेर आलेल्या भागाच्या या अटींतून गोलकीपरच्या टोपीला नावानिशी वगळलंय. चोच बाहेर येणारच ना! म्हणून टोपीला रंगाची अट नाही, पण धोक्याची आहे.

आता गार्ड. परवानगीबद्दल बोलायचं तर काळजी करू नका. डोक्याचं गार्ड, चेहऱ्याचा मास्क, गुडघ्याचं-कोपराचं गार्ड, हे सगळं मऊ, हलक्या, गादीच्या साहित्याचं आणि बिनधोक असेल तर कायदा चालवतो. रेफरीला बोटानं दाबून बघू द्या. कडक कवच असलेलं काहीही चालणार नाही: सायकलचं हेल्मेट नाही, स्केटिंगचं नाही, क्रिकेटचं तर नाहीच नाही. हसू नका, एका गावी एक आजोबा नातवाला क्रिकेटचं हेल्मेट घालून घेऊन आले होते, जाळीसकट. त्यांच्या मायेपुढं मला नाही म्हणताना जीभ जड झाली होती.

पण पेत्र चेकचं नाव घेतलंत म्हणून त्याची गोष्ट नीट बघू. 14 ऑक्टोबर 2006, इंग्लंडमध्ये रेडिंगच्या मैदानावर चेल्सीचा सामना. पहिल्याच मिनिटात चेक बॉलवर पडला आणि रेडिंगच्या स्टीफन हंटचा गुडघा त्याच्या डोक्यात बसला. कवटीचं हाड मोडून आत दबलं, शस्त्रक्रिया झाली. त्याच सामन्यात बदली कीपर कुदिचिनीही धडकेत बेशुद्ध पडला आणि बचावपटू जॉन टेरीला गोलात उभं राहावं लागलं. चेक 20 जानेवारी 2007 ला लिव्हरपूलविरुद्ध परतला तेव्हा डोक्यावर रग्बीवाले घालतात तसली मऊ टोपी होती, आणि 2019 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यानं ती घातली. यात लक्षात घ्यायची गोष्ट ही की त्याचं हाड मोडलं होतं. जोडलेल्या जागेवर पुन्हा थेट मार बसू नये म्हणून ती गादी होती. डोक्याचा दुसरा त्रास, मेंदूला बसणारा हादरा, ज्याला कन्कशन म्हणतात, त्यावरचा तो इलाज नव्हता.

हे दोन वेगळे प्रकार आहेत. नारळ वरून कापडात गुंडाळा आणि जोरात हलवा. करवंटीला काही होत नाही, पण आतलं पाणी हिंदकळतंच. मेंदूचंही साधारण तसंच. डोकं झटक्यात थांबलं किंवा गर्रकन फिरलं की आत मेंदू हलतो, आणि बाहेरची बोटभर गादी ते थांबवू शकत नाही. प्रयोगशाळेत पुतळ्याच्या डोक्यांची टक्कर घडवून आणली तर काही गार्ड धक्का बराच कमी करतात, हे खरं. पण अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या 2766 शाळकरी खेळाडूंवर मैदानात अभ्यास झाला, काही संघांना गार्ड दिली, काहींना दिली नाहीत. गार्ड घालणाऱ्यांत कन्कशनचं प्रमाण कमी दिसलं नाही.

मग गार्ड निरुपयोगी का? तसं मी म्हणणार नाही. कानाची पाळ फाटणं, टाळूवर खोक पडणं, गोलपोस्टवर डोकं घासणं, यात त्याचा उपयोग होतो. आधी टाके पडलेत, हाड जोडलंय, आणि डॉक्टरांनीच सांगितलंय, तर जरूर घ्या. मनातली भीती जात नाही म्हणून पोरगा क्रॉसला वरच जाईना झालाय, अशा वेळीही मी काही महिने घालू दिलंय. पण फक्त कन्कशन टाळायला घेत असाल तर पैसे खिशात ठेवा. आणि एक तोटा डोळ्यांनी पाहिलाय. गार्ड चढवलं की काही पोरं डोकं पुढं घालायला लागतात. आधी हात पुढं जायचे, आता कपाळ जातं. असं दिसलं की मी त्याच दिवशी गार्ड काढून बॅगेत टाकायला लावतो.

घेतलंच तर मापाकडं लक्ष द्या. सैल गार्ड डोळ्यांवर सरकलं तर गार्ड नसण्यापेक्षा वाईट. आपल्या पोरांच्या डोक्याला तेल असतं, एप्रिलच्या उन्हात त्यात घाम मिसळतो, आणि ते घसरतं. सामन्याच्या दिवशी डोकं धुऊन पाठवा. कान पूर्ण झाकले जाणार नाहीत असं बघा, कीपरला मागचे-पुढचे आवाज ऐकू यायला हवेत. हनुवटीखालचा पट्टा मऊ, वेल्क्रोचा. रंग काळा किंवा एकच साधा. दुकानात घालून बघताना मुलाला खाली वाकून, डोकं दोन्ही बाजूंना झटकायला सांगा.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कीपरचं डोकं फुटतं कशावर? माझ्या पाहण्यात तीन गोष्टींवर: समोरच्याचा गुडघा, आपल्याच बॅकचं डोकं, आणि गोलपोस्ट. टोपी यातल्या कशावरच फारसं काही करत नाही. शिकवणीनं बरंच होतं.

पायात पडून बॉल घ्यायचा असतो तेव्हा आठवीची पोरं तोंड पुढं करून, पोहायला उडी मारल्यासारखी जातात. चूक तिथंच होते. आडवं पडायचं, कुशीवर, हात आधी बॉलवर, डोकं हातांच्या मागं, छाती आणि दंड समोरच्याकडं. म्हणजे गुडघा आला तर दंडावर येतो. हे सकाळी ओल्या गवतावर हळू चालीनं शंभरदा करून घ्यायचं, समोरून कुणी पळत न येता. मग चालत येणारा. मग पळत येणारा. मी पहिल्या महिन्यात पळणारा फॉरवर्ड आणतच नाही. वर जाताना एक गुडघा वर, फॉरवर्डच्या बाजूचा. ते मारायला नसतं, आपलं पोट-बरगडी झाकायला असतं. पाय सरळ ताणून स्टड पुढं केले तर मी रेफरी म्हणून फाऊल देईन.

आणि ओरडायचं. ‘कीपर!’ एकदाच, मोठ्यानं, बॉल हवेत असतानाच. आपल्याच बॅकशी टक्कर होते ती बहुतेक वेळा मुकेपणानं. लाजाळू पोरगा चांगला कीपर होत नाही असं नाही, पण त्याला आधी ओरडायला शिकवावं लागतं. माझ्याकडं एक होता, त्याला मी महिनाभर मैदानाच्या एका टोकाला उभं करून दुसऱ्या टोकाला असलेल्या चहावाल्याला हाक मारायला लावायचो. चहा आला की शिकवणी संपली.

नियमाचाही इथं आधार आहे, पण पोरांना तो माहीत नसतो. कीपरच्या हातात बॉल आला की त्याच्यावर चढाई करता येत नाही. हातात म्हणजे दोन्ही हातांत कवटाळलेलाच असं नाही. जमिनीवर एका तळव्याखाली दाबलेला बॉलही हातातलाच. समोरच्या पोराला वाटतं अजून सुटा आहे, म्हणून तो लाथ घालतो. अशा वेळी मी शिट्टी लवकर वाजवतो, आणि त्यावरून कोचांच्या शिव्या खाल्ल्यात. खाईन.

पोस्टबद्दल एकच सांगतो. शाळेच्या मैदानावर गेलात की गोल नीट बघा. लोखंडी पाइपचा उचलता येणारा गोल असेल तर तो जमिनीत पक्का रोवलेला हवा, हा नियम पहिल्याच कायद्यात आहे. लोंबकळताना गोल अंगावर उलटला तर कुठलंच गार्ड पुरं पडत नाही. आणि जाळी कशानं बांधलीय ते बघा. आपल्याकडं बांधकामाची तार वापरतात, टोकं वळवलेली नसतात, आणि ती नेमकी झेपावणाऱ्या कीपरच्या डोक्याच्या उंचीला येतात. मी पक्कड बॅगेत ठेवतो.

आता मार बसल्यानंतरचं. इथं माझं स्वतःचं सांगतो. एकोणीस वर्षांचा होतो. पायात पडलो, गुडघा कानशिलावर. उठलो तेव्हा कोचनं तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाले, ‘काय नाय झालं, वाघ हाईस तू.’ खेळलो. दुसऱ्या हाफमध्ये मी पेनल्टी अडवली म्हणे. लोकांनी खांद्यावर घेतलं म्हणे. मला त्यातलं काहीही आठवत नाही, आजही नाही. घरी जाताना मित्राच्या स्कूटरवर मागं बसून दोनदा उलटी केली, आणि घरात कळू नये म्हणून ऊन लागलं असं सांगितलं. पेनल्टीची गोष्ट पेठेत अजून सांगतात. उलटीची कुणाला माहीत नाही.

अशा गोष्टी आपण शौर्य म्हणून सांगतो. इंग्लंडच्या 1956 च्या एफए कप फायनलमध्ये मँचेस्टर सिटीचा कीपर बर्ट ट्राउटमन मानेचं हाड मोडलेलं असताना उरलेली 17 मिनिटं गोलात उभा राहिला, ती गोष्ट प्रत्येक कीपर ऐकतोच. जॉन थॉमसनची कमी ऐकतात. स्कॉटलंडच्या सेल्टिकचा कीपर, वय 22, सप्टेंबर 1931 मध्ये रेंजर्सच्या फॉरवर्डच्या पायात झेपावला, गुडघा डोक्यात बसला, त्याच रात्री गेला. आणि अगदी अलीकडची, 2018 ची चॅम्पियन्स लीग फायनल. लिव्हरपूलचा कीपर कारियस याला रेआल माद्रिदच्या रामोसची धडक बसली, तो खेळत राहिला, त्यानंतर दोन ढोबळ चुका झाल्या, जगानं त्याची टर उडवली. काही दिवसांनी तपासणीत डॉक्टरांनी कन्कशनचं निदान केलं.

तेव्हा मैदानाच्या कडेला उभं राहून तुम्ही काय करायचं? मार बसला की मुलाला साधे प्रश्न विचारा. आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ चाललाय की दुसरा? शेवटचा गोल कुणी मारला? मागचा सामना कुणाशी होता, जिंकलो का? एकही उत्तर अडखळलं, डोळे कुठंतरी लागलेत, तोल जातोय, किंवा नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हणाला, तर सामना संपला त्याचा. बेशुद्ध पडायलाच हवं असं अजिबात नाही. आणि पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातापायात मुंग्या किंवा कमजोरी, एकाचे दोन दिसणं, मान दुखणं, वाढत जाणारी गुंगी यातलं काही दिसलं तर थेट दवाखाना, वाट बघत बसायचं नाही. मान दुखत असेल तर त्याला ओढून उठवू नका.

रेफरीच्या बाजूनं नियम कीपरला अनुकूल आहेत. जखमी कीपरसाठी खेळ थांबवता येतो, आणि बाकीच्या खेळाडूंसारखं त्याला उपचारानंतर मैदानाबाहेर जावं लागत नाही. म्हणजे घाई करायचं कारण नाही. कन्कशनसाठी जादा बदली खेळाडू द्यायची सोय 2021 पासून प्रयोग म्हणून होती आणि 2024 पासून कायद्यात आली. स्पर्धेनं ती स्वीकारली पाहिजे. शालेय सामन्यांत बदली खेळाडूंची मुभा तशीही सैल असते. मग दुसरा कीपर उतरवायला अडचण एकच उरते, ती म्हणजे दुसरा कीपर तयारच केलेला नसणं. ते शाळेच्या कोचला आत्ताच सांगा.

परत खेळायला कधी उतरावं हे डॉक्टर ठरवतील. अंदाज म्हणून सांगतो, ब्रिटनमध्ये 2023 मध्ये गल्लीपातळीवरच्या खेळांसाठी जी सूचना निघाली तिच्यात सामन्यात परतायला किमान 21 दिवस धरलेत, तेही मधल्या काळात त्रास पूर्ण गेला असेल तर. आधी एक-दोन दिवस आराम, मग चालणं, हलकं पळणं, बॉल हाताळणं, शेवटी धडाधडीचा सराव. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि डोकं दुखायला लागलं तर एक पायरी मागं. तुमच्या मुलाचा मागचा सामना यात बसत होता का, ते दिवस मोजून बघा. नसेल बसत तर त्याला किंवा स्वतःला बोल लावत बसू नका, पण पुढचा सामना डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळू देऊ नका.

सामन्याच्या दिवसाचं थोडं व्यवहाराचं. टोपी असो की गार्ड, रेफरी मैदानात दिसले की सुरुवातीलाच नेऊन दाखवा, ओळीत उभं राहायची वाट बघू नका. ‘सर, हे चालेल का, जरा बघता का’ एवढं पुरे. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर दाखवा, पण चिठ्ठीनं कडक वस्तू मऊ होत नाही, निर्णय रेफरीचाच. नाही म्हणाले तर वाद न घालता काढा. कायद्यानं अडलेली वस्तू काढायला नकार दिला किंवा काढून पुन्हा घातली तर पिवळं कार्ड आहे, आणि आठवीच्या पोराला बापाच्या हट्टापायी पिवळं कार्ड मी एकदा दिलेलं आहे, वाईट वाटलं. बॅगेत दुसरी, मऊ टोपी असू द्या.

टोपीची ती चोच दुमडून बघा आधी. ती किती कडक आहे ते फोटोवरून कळत नाही, पण चोच आणि मागचं बक्कल दोन्ही दिसतील असा फोटो काढून पाठवलात तर काय उसवायचं ते सांगू शकेन. आणि मुलाच्या तब्येतीचं काय ते कळवा.